मशीनवरची सूज

आमचे हे आंघोळ करून बाहेर आले, बनियन अर्धं डोक्यात अडकलेलं, आणि त्या बनियनच्या आतूनच म्हणाले, "अगं, इकडे बघ जरा. मशीनवर काहीतरी फुगलंय."

मशीन म्हणजे पेसमेकर. अकरा वर्षांपूर्वी बसवलेला. ह्यांचं हृदय आपणहून मिनिटाला जेमतेम तीस ठोके मारायचं, म्हणून गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या खिशात काडेपेटीएवढी चपटी डबी, आणि तिच्यातून निघून शिरेतून थेट हृदयात उतरलेल्या दोन वायरी. बहुतेकांना डाव्या बाजूला बसवतात. ह्यांना उजव्या, कारण हे डावखुरे आणि धंदा न्हाव्याचा. वस्तऱ्याचा हात मोकळा पाहिजे ना! नवीन गिऱ्हाईक खुर्चीत बसलं आणि ह्यांनी डाव्या हातात वस्तरा घेतला की त्याचा चेहरा उतरायचा. मग हे म्हणायचे, "घाबरू नका, उजव्या हाताने मी जास्त कापतो." चाळीस वर्षं हा एकच विनोद, आणि दर वेळी स्वतःच हसायचे.

मागे बॅटरी संपत आली म्हणून तीच जागा उघडून डबी बदलली होती. वायरी जुन्याच ठेवल्या. टाके सुरेख भरले, मी रोज बघत होते. आणि आता आठ महिन्यांनी तिथे लिंबाएवढी सूज. लालसर, हात लावला तर कोमट.

आता मी कोण ते सांगते. मोठ्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं मी ड्रेसिंगच्या खोलीची सिस्टर होते. तळमजला, डावीकडचं तिसरं दार. गळवं, भाजलेली माणसं, शुगरवाल्यांचे सडलेले पाय, काय वाटेल ते माझ्या टेबलावर आलं. नवे नवे डॉक्टर माझ्याकडून गळू फोडायला शिकले, आणि चुकले तर मी त्यांना पेशंटसमोर झापलंय. राग माझ्या नाकावर, तो आजही तिथेच आहे. पण पू काढायच्या बाबतीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं, हे माझ्यावर जळणाऱ्यासुद्धा कबूल करतील. निवृत्त होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

एकतीस वर्षांत एकच जात माझ्या दारातून कधी आत आली नाही. पेसमेकरचे पेशंट. त्यांच्या टाक्याला नुसती खाज सुटली तरी ते सरळ चौथ्या मजल्यावर, हृदयाच्या विभागात जायचे. का, ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, वरच्या लोकांचा तोरा, दुसरं काय.

"बसा खुर्चीवर," मी ह्यांना म्हटलं.

"हॉस्पिटलात दाखवायचं का?"

"कशाला? एवढ्याशा पुवासाठी चार तास बाकावर बसायला? मी काय मेलेय का घरात?"

हे निमूट बसले. मी पाणी उकळत ठेवलं, कोपरापर्यंत हात धुतले, कपाटातून माझा डबा काढला. जागा पुसली, जाड सुई घेतली आणि डबीच्या कडेकडेने तिरकी आत सरकवली. ह्यांनी डोळे मिटले, पण हूं की चूं केलं नाही. सहा मिली निघालं, पिवळट, गढूळ. वर घट्ट पट्टी. कपाटात अँटिबायोटिकची पाकिटं होती, त्यातल्या गोळ्या पाच दिवस दिल्या. सहाव्या दिवशी सूज कुठे होती ते शोधावं लागलं. मी शेजारणीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "तुमच्यासारखी बायको असल्यावर ह्यांना डॉक्टर कशाला लागतोय!" मला ते ऐकायचंच होतं.

दीड महिन्याने ताप आला. संध्याकाळी हुडहुडी भरायची, सकाळी माणूस ठणठणीत. मी म्हटलं, हवा बदललीय. परत पाच दिवस गोळ्या. ताप गेला, पंधरा दिवसांनी आला. परत गोळ्या. असं चार वेळा झालं. दर वेळी ताप उतरला की मी जिंकल्यासारखी घरभर फिरायचे, आणि दर वेळी हे आधीपेक्षा थोडे बारीक दिसायचे. एकदा दुकानात एका माणसाची अर्धी दाढी करून हे खालीच बसले. तो बिचारा अर्ध्या फेसानिशी रिक्षा करून ह्यांना घरी घेऊन आला.

त्या दिवशी मी शर्ट काढून नीट बघितलं. डबीच्या खालच्या कोपऱ्यावरची कातडी पातळ झाली होती, निळसर, आणि तिच्यात एक भोक. भोकातून तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी चमकत होतं. मी कापसाने पुसलं. ते हाड नव्हतं. धातू होता. आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांना म्हटलं, "चला, वर दाखवू."

हॉस्पिटलात माझं स्वागत काय विचारता! सगळ्या सिस्टर माझ्या हाताखालून गेलेल्या. "ताई आल्या, ताई आल्या" करत एकीने स्ट्रेचर आणलं, एकीने चहा. ड्रेसिंगची खोली आता जिच्याकडे आहे तिला सगळे छोटी म्हणतात. ही सगळ्यात मागून आली होती माझ्याकडे, गॉज धरताना हात थरथरायचे, मी तिला दोनदा रडवलंय. ती धावत वर आली आणि ह्यांचा हात धरून म्हणाली, "काका, काही काळजी करू नका. ताई आहेत तुमच्याजवळ."

चौथ्या मजल्यावरची डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची. हळू बोलणारी, पण बोलताना नजर काढत नाही. तिने आधी रक्त घेतलं, तीन वेळा, तीन वेगवेगळ्या जागांतून. मग घशातून नळी घालून हृदयाची सोनोग्राफी केली. मग आम्हा दोघांसमोर स्टूल ओढून बसली.

"बाबा, जंतू मशीनवर बसलेत आणि वायरीवरून आत हृदयापर्यंत गेलेत. वायरीला मोडासारखं काहीतरी लोंबतंय, हृदयाच्या झडपेलाही थोडं लागलंय. हे जंतू धातूला चिकटले की स्वतःभोवती बुळबुळीत थर करतात. औषध त्याच्या आत जात नाही. वरचे मरतात, आतले जिवंत राहतात. म्हणून सगळं काढावं लागेल. डबी, दोन्ही वायरी, सगळं."

"आणि मग ह्यांचे ठोके?" मी विचारलं.

"मानेच्या शिरेतून तात्पुरती वायर घालू, बाहेर पेटी राहील. सहा आठवडे सलाईनमधून औषध. रक्त साफ झालं की नवीन मशीन, दुसऱ्या बाजूला."

"दुसऱ्या म्हणजे डाव्या," हे म्हणाले, आणि आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले.

मग तिने विचारलं, "इथे येण्याआधी काही औषधं झाली होती? या सुजेला कुणी हात लावला होता, सुई वगैरे?"

मी तोंड उघडलं. छोटी माझ्या शेजारीच उभी होती, आणखी दोघी दारात. मी तोंड उघडलं हे नक्की, पण शब्द निघायच्या आत हे म्हणाले, "नाही हो डॉक्टर. काहीच नाही. आमच्या हिने तर पहिल्या दिवसापासून पाठ धरली होती, दाखवा दाखवा म्हणून. मीच ऐकलं नाही."

आणि मी गप्प बसले. मला कुणी दटावलं नव्हतं, कुणी तोंडावर हात ठेवला नव्हता. एकतीस वर्षं जिने खरं बोलून दुनियेचा छळ केला, ती मी मूग गिळून बसले. छोटी माझ्याकडे बघून मान हलवत होती, पुरुष असेच असतात म्हणून.

दुसऱ्या दिवशी लॅबने सांगितलं, बाटल्यांत ठेवलेल्या रक्तात एकही जंतू वाढत नाही. डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली. जंतू कोणता ते कळत नाही, तोवर अंधारात दगड मारायचा. तिने तीन जबर औषधं एकदम सुरू केली. त्यातलं एक किडनीला जड, हे मला ठाऊक होतं. रक्तात का वाढत नाही तेही मला ठाऊक होतं. माझ्या गोळ्यांनी. मला माझ्या गप्प बसण्याचाच राग येत होता, आणि तरी तो दिवस गेला, पुढचाही गेला. मी रोज खाटेखालची लघवीची पिशवी बघायचे. तिसऱ्या सकाळी ती बोटभरसुद्धा भरली नव्हती.

मी उठले आणि डॉक्टरच्या खोलीत गेले. दार लावलं. ती काहीतरी लिहीत होती.

"मी सुई घातली," मी म्हटलं. "चार महिन्यांपूर्वी. सहा मिली काढलं. पाच दिवस गोळ्या. त्यानंतर चार वेळा पाच-पाच दिवस. शेवटची गोळी तुमच्याकडे आलो त्याच्या आदल्या दिवशी." गोळीचं नाव सांगितलं, ताकद सांगितली. ड्यूटी बदलताना रिपोर्ट देतात तसं सगळं क्रमाने सांगितलं. मी तिथेच खुर्चीत बसले.

तिने आधी फोन उचलला. किडनीवर जाणारं औषध बंद करायला सांगितलं. लॅबला सांगितलं, रक्ताच्या बाटल्या फेकू नका, आणखी काही दिवस ठेवा. मग माझ्याकडे वळली.

"काकू, हे परवा कळलं असतं तर..." एवढं म्हणून थांबली. मी म्हटलं, "बोल. शिव्या घाल मला." ती म्हणाली, "सूज आली तेव्हाच आत जंतू असतील. किंवा नसतील, सुईबरोबर आत गेले असतील. आता ते कुणीच सांगू शकणार नाही. आम्ही म्हणूनच त्या सुजेत कधी सुई घालत नाही."

"मला कुणी सांगितलं नाही गं."

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. "त्यांना सांगितलं होतं. बॅटरी बदलली तेव्हा मीच सांगितलं होतं. सूज आली, लाल झालं, तर कुणालाही सुई घालू देऊ नका, सरळ इकडे या. ते म्हणाले, माझी बायको ड्रेसिंगची सिस्टर आहे. मी म्हटलं, मग त्यांनाही आठवणीने सांगा."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, तशी मी वॉर्डात गेले. भेटायची वेळ होती, सिस्टर त्यांच्या खोलीत होत्या, खाटाखाटांवर माणसं होती, मला कुणी दिसलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

हे उशीला टेकून पडले होते. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि समजले. "सांगून आलीस वाटतं. म्हणजे माझं खोटं बोलणं फुकट गेलं."

"माहीत होतं की नाही?"

"होतं."

"मग त्या दिवशी ब्र का काढला नाहीत? मी सुई घेऊन उभी, तुमच्या छातीत घालतेय, आणि तुम्ही डोळे मिटून बसलात! माझ्या हातून करवून घेतलंत! दुश्मन होते का मी तुमची?"

"ओरडू नकोस. लोक बघतायत."

"बघू देत!"

"विचारलं होतं की मी. हॉस्पिटलात दाखवायचं का म्हणून."

"ते विचारणं झालं?"

"तुझ्यापुढे मला तेवढंच जमतं," असं म्हणून ते हसले. मला हसू आलं नाही. मग त्यांनी माझं मनगट धरलं. हात गरम होता, ताप परत चढत होता.

"ऐक. तू कामावरून घरी बसलीस तेव्हापासून तुला बघत होतो मी. दुकानातून यावं तर तू त्याच खिडकीत. चहा तसाच गार. केससुद्धा विंचरलेले नसायचे, मी म्हणायचो, अगं न्हाव्याची बायको तू, माझी अब्रू जाईल, तरी हसायची नाहीस. मला भीती वाटायला लागली होती. आणि त्या दिवशी तू पदर खोचलास, पाणी ठेवलंस, डबा काढलास आणि गुणगुणायला लागलीस. हो, गुणगुणत होतीस, तुला नसेल आठवत. मी खुर्चीत बसून तेच ऐकत होतो. म्हटलं, आता हिला नको सांगायला. एवढा मोठा हात हिचा, एका सुईने काय होतंय!"

मला खरंच आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. मी त्यांच्या खाटेच्या कडेला डोकं टेकलं आणि रडले, सगळ्या वॉर्डादेखत, आवाज करून. ह्यांनी डाव्या हाताने माझ्या केसांत बोटं फिरवली आणि म्हणाले, "टोकं फार फुटलीत. घरी गेल्यावर कापून देतो." मी म्हटलं, "डॉक्टरला का खोटं सांगितलंत?" तर म्हणाले, "त्या पोरी ताई ताई करत होत्या. तुझं एवढंच तर शिल्लक आहे. ते मी कशाला घालवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ह्यांना आत नेलं. डॉक्टरने आधीच सगळं सांगितलं होतं. अकरा वर्षांत वायरी शिरेच्या भिंतीला चिकटून बसलेल्या असतात, ओढून निघत नाहीत. वायरीवरूनच एक नळी पुढे पुढे सरकवत ती सोडवत न्यायची, इंच इंच. शीर फाटली तर मिनिटभरात खेळ खलास, म्हणून छाती उघडणारे सर्जन शेजारी हात धुऊन उभे असतात. मी बाहेरच्या बाकावर चार तास बसले. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि मी देवाला सारखं एकच सांगत होते, माझी चूक माझ्याकडून वसूल कर.

दोन्ही वायरी निघाल्या. शीर फाटली नाही. डॉक्टर बाहेर आली तेव्हा तिचे केस घामाने कपाळाला चिकटले होते. ती म्हणाली, "काकू, अवघड भाग झाला." मी तिचे दोन्ही हात धरले. त्या दिवशी मी खालच्या कॅन्टीनमध्ये जाऊन पोटभर जेवले. लॅबलाही जंतू सापडला, काढलेल्या वायरीच्या टोकावर. कातडीवर राहणारा, साधा. त्याच्यावर चालणारं औषध सुरू झालं. चार दिवस असे गेले की मी घरी जाऊन खिडकीचे पडदे धुऊन आले.

पण झडपेला लागलेलं थांबलं नाही, आणि किडन्या उठल्या नाहीत. डायलिसिसला घेतलं की रक्तदाब खाली यायचा. मानेतून निघालेली वायर आणि खाटेला बांधलेली ती पेटी, मिनिटाला सत्तर ठोक्यांवर लावलेली, तिच्या जोरावर हे चालले होते. छातीवरची जखम उघडीच ठेवली होती, छोटी रोज वर येऊन तिच्यात गॉज भरायची. मी त्या वेळी भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे. तिला वाटायचं, नवऱ्याची जखम बघवत नाही. ऑपरेशननंतरच्या सातव्या दिवसापासून हे मला ओळखत होते की नाही, सांगता येत नव्हतं.

दहाव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला गेले. पेटी मात्र आपली सत्तरने ठोके देतच होती. हृदय उत्तर देत नव्हतं. डॉक्टर दोन मिनिटं मॉनिटरकडे बघत उभी राहिली, मग वाकून तिने बटण बंद केलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "तू खूप केलंस गं." माझी गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती.

घरी न्यायच्या आधी जखम भरून, पट्टी बांधून द्यावी लागते. ड्रेसिंगची ट्रॉली आली, छोटी आली, तिच्या मागे आणखी तिघी. सगळ्यांचे डोळे लाल. पडदे ओढले. छोटीने हातमोज्यांची नवी जोडी फोडली आणि माझ्यापुढे धरली.

"ताई, शेवटचं ड्रेसिंग तुमच्या हातचं होऊ द्या. तुम्ही होतात म्हणून काकांनी एवढे दिवस काढले."

बाकीच्या तिघींनी माना हलवल्या. ह्यांनी मरताना माझ्यासाठी जे राखून ठेवलं होतं ते सगळं त्या हातमोज्यांत होतं. मी ते घेतले असते, तर ते जन्मभर माझंच राहिलं असतं.

"मी नाही," मी म्हटलं. "तू कर. आणि चौघीजणी ऐका. ह्यांच्या मशीनवर सूज आली तेव्हा मी घरी सुई घातली. वर गोळ्या देऊन ताप दाबत राहिले. डॉक्टरने विचारलं तेव्हा हे माझ्यासाठी खोटं बोलले, आणि मी तीन दिवस ते खोटं तसंच राहू दिलं. तुमच्या टेबलावर पेसमेकरचा पेशंट आला, तर कितीही साधं गळू दिसू दे, कितीही मोठी सिस्टर सांगू दे, हात लावायचा नाही. वर पाठवायचा."

एकीने तोंडावर हात नेला. छोटीने ते हातमोजे हळूहळू स्वतःच्या हातात चढवले. तिचे हात अजिबात थरथरत नव्हते. तिने ह्यांच्या छातीवरची चादर बाजूला केली, गॉजचा डबा उघडला, आणि मान वर न करता म्हणाली, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसा."

मी बाहेर जाऊन बाकावर बसले.